लाईन गेली, लाईन लागली, लाईन दिली

‘लाईन लागली’ एवढेच दोन शब्द कानावर पडले तर बेळगावातला माणूस लगेच उत्तर देत नाही. कोण बोलतंय आणि कुठं उभं आहे ते आधी बघतो. रेशनच्या दुकानापुढं कुणी बोललं असेल तर रांग लागली. मोबाईल कानाला असेल तर पलीकडं घंटी वाजायला लागली. ट्रकमालक बोलत असेल तर गाडीला बांधून भाडं मिळालं. आणि घरातली आजी थोरल्या नातवाबद्दल बोलत असेल तर तो नोकरीधंद्याला लागला, आता सोयरीक बघायला हरकत नाही.

शब्द इंग्रजीतला आहे, पण यातले निम्मे अर्थ इंग्रजीत शोधून सापडत नाहीत. निपाणी-चिकोडीपासून खानापूर-लोंढ्यापर्यंत तो शेतात, वर्कशॉपात, बांधकामावर आणि कॉलेजच्या कट्ट्यावर वापरून वापरून आपलासा झाला आहे. शब्दकोशात बघितलं तर रेघ, ओळ, रांग, तार, मार्ग असे अर्थ दिलेले असतात. ते चूक नाहीत, पण तेवढ्यावर हा शब्द बोलता येत नाही. ‘लाईन’च्या पुढं क्रियापद कुठलं आलं आणि तिला प्रत्यय कुठला लागला, ते बघायचं. अर्थ तिथं ठरतो.

मोडतोडीची क्रियापदं घ्या, कारण तिथं हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. लाईन फुटली म्हणजे पाण्याची. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या नद्यांच्या काठच्या ऊसवाल्या गावांत नुसतं ‘लाईन टाकली’ म्हटलं तरी नदीपासून रानापर्यंत चर खणून पाईप पुरला, असंच ऐकणारा धरतो. लाईन तुटली म्हणजे खांबावरची तार. लाईन कट झाली म्हणजे फोन. लाईन तुंबली म्हणजे सांडपाण्याची. लाईन मोडली म्हणजे रांगेत कुणीतरी मध्येच घुसलं. यांची अदलाबदल चालत नाही. ‘लाईन फुटली’ असा निरोप गेला तर पाईपवाला फिटर येतो, करवत आणि पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घेऊन. तो आल्या आल्या वॉल्व्ह बंद करायला सांगेल आणि फुटका तुकडा कापून दोन्ही टोकं कापडानं कोरडी करेल, कारण ओल्या पाईपवर सोल्युशन धरत नाही. ‘लाईन तुटली’ असा निरोप गेला तर लाईनमन येतो, आणि तो येईपर्यंत त्या तारेच्या आसपास माणूस किंवा जनावर फिरकू द्यायचं नसतं. एका क्रियापदाच्या चुकीनं भलताच माणूस येतो आणि खरं काम तसंच पडून राहतं.

विजेच्या बाबतीत तर एका ‘एक’मुळं अख्खी मोटार जाते. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली, सगळीकडं अंधार. ‘एक लाईन गेली’ म्हणजे तीन फेजांपैकी, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी, एक नाही. आपल्याकडं शेतकरी फेज हा शब्द फारसा वापरत नाही; त्याच्या तोंडी ‘तीन लाईनी’ असतात, ‘आज दोनच लाईनी हाईत’ असं असतं. घरात दिवा लागतो, पंखा फिरतो, म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. विहिरीवरची थ्री फेजची मोटार मात्र बटण दाबल्यावर फिरत नाही, नुसती घुमत राहते. त्या घुमण्याच्या आवाजात वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, तापत असतं. मोटार चालू असताना एक लाईन गेली तर आणखी वाईट: ती थांबत नाही, आणि भार तेवढाच असेल तर उरलेल्या दोन लाईनींवर नेहमीच्या जवळपास पावणेदोन पट करंट जातो. यासाठीच स्टार्टरच्या पेटीत प्रिव्हेंटर बसवलेला असतो. एक लाईन गेली की तो मोटार बंद पाडतो. पुष्कळ ठिकाणी हा प्रिव्हेंटर ‘सारखा पाडतोय’ म्हणून काढून टाकलेला असतो, आणि मोटार रिवाइंडिंगला नेल्यावर त्याची आठवण होते. प्रिव्हेंटर सारखा पाडतोय याचा अर्थ लाईनीत दोष आहे. बिघाड तिथं शोधावा.

म्हणून निरोप देताना शब्द नेमके हवेत. ‘लाईन नाही’ असं सांगितलं तर समोरचा समजतो, फीडर म्हणजे सबस्टेशनकडून येणारी मुख्य लाईनच बंद आहे, येईल तेव्हा येईल. त्याऐवजी असं सांगावं: ‘लाईट आहे, खरं एक लाईन नाही.’ (बेळगावबाहेरच्यांसाठी: आपल्याकडं हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतील तर कुठला विझलाय तेही सांगावं. ‘निळी लाईन नाही’ एवढ्या तीन शब्दांत येणाऱ्या माणसाला फ्यूज कुठला बघायचा ते खांबाखाली पोचण्याआधीच कळतं. जाता जाता, कर्नाटकात भरतीच्या जाहिरातीत लाईनमनच्या पदाचं नाव आता ‘पॉवरमॅन’ असं असतं. गावात मात्र तो लाईनमनच. तो लाईनीवर चढतो म्हणून लाईनमन, हे नाव लोकांच्या डोळ्यांपुढं घडलंय.

याच कामात ऐकू येणारा एक शब्द बोलीत फार लांबवर गेला: लाईन क्लिअर. तारेवर काम करण्याआधी सबस्टेशनकडून ‘लाईन क्लिअर’ घ्यावी लागते, म्हणजे त्या तारेतला पुरवठा बंद केलाय आणि काम संपल्याचं कळवल्याशिवाय तो सुरू होणार नाही, याची हमी आणि कामाची परवानगी. रेल्वेतही हाच शब्द आहे, पण उलट्या बाजूनं. तिथं पुढचं स्टेशन मागच्या स्टेशनला लाईन क्लिअर देतं, म्हणजे मधला मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा. एकाकडं लाईन क्लिअर झाल्यावर तारेतून काही वाहत नाही, दुसऱ्याकडं लाईन क्लिअर झाल्यावरच गाडी धावते. बेळगाव मिरज-लोंढा मार्गावरचं गाव आहे, आणि लोंढा, खानापूर या गावांना रेल्वे अगदी घरची. ‘लाईन क्लिअर हाय, ये’ हे बोलणं रेल्वेतून बाहेर पडून घराघरांत शिरलं ते रेल्वेच्याच अर्थानं: अडथळा नाही, निघ. वडील घरात नाहीत, लाईन क्लिअर. साहेब मूडमध्ये आहेत, लाईन क्लिअर. मुलीकडचे तयार झाले, लाईन क्लिअर. विजेच्या कामातला अर्थ बोलीत आला नाही. तो खांबावरच राहिला, आणि तिथं तो जीव वाचवतो. लाईन क्लिअर न घेता ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून वर चढणं हे माणसं जाण्याचं एक मोठं कारण आहे.

रेल्वेनं पत्त्यालाही लाईन दिली. बेळगावच्या टिळकवाडीत पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट ही नावं पत्त्यातच येतात, आणि ‘लायनीच्या पलीकडं’ म्हटलं की रुळांच्या पलीकडं. कॅम्पातल्या आणि पोलिसांच्या ‘लाईन’चा रुळांशी संबंध नाही. इंग्रजांच्या छावण्यांत शिपायांच्या राहण्याच्या कोठड्या ओळीनं बांधलेल्या असत, त्यांना ‘लाईन्स’ म्हणत. पोलीस लाईन हे नाव तिथलंच. आता तिथं मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तरी नाव ओळीचंच आहे.

आता बांधकामावर या, कारण इथं हा शब्द त्याच्या मूळ रूपात हातात धरता येतो. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडाच्या वाखापासून काढलेला धागा तो ‘लिनेआ’. ताणून धरलेल्या धाग्यावरून सरळ रेघ, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, असा तो शब्द पसरत इंग्रजीत ‘लाईन’ झाला. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो आणि कन्नड घरात जिला अगशीची चटणी म्हणतात, त्याच झाडाचा हा धागा. गवंड्याच्या हातातली लाईनदोरी बघितली की वाटतं, हा शब्द फिरून आपल्या जुन्या घरी आला.

घराची ‘लाईन आउट’ म्हणजे पायाची जमिनीवरची आखणी. पहिली भिंत रस्त्याला समांतर धरून एक दोरी बांधतात. तिच्या कोपऱ्यातून दुसरी दोरी काटकोनात काढायची असते, आणि गुणिया (काटकोन बघायची पट्टी) एवढ्या लांबीला अपुरा पडतो. म्हणून पहिल्या दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. मोठ्या घराला ६, ८, १० घ्यावेत. अंतर जितकं मोठं तितकी चूक कमी. चारी कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तरच चौकोन खरा. मग दोरीखालून फक्की, म्हणजे चुन्याची पूड, टाकत जायचं. यालाच ‘लाईन मारणे’ म्हणतात, आणि इथं त्या शब्दात चोरटं काही नाही. सुतारही लाईन मारतो: रंगात भिजवलेला दोरा फळीवर दोन्ही टोकांना ताणून धरतो, मधोमध चिमटीत उचलून सोडतो, आणि फळीवर लख्ख रेघ उमटते.

भिंत चढायला लागली की लाईनदोरी दोन टोकांच्या विटांना ताणून बांधतात आणि प्रत्येक थर तिच्याकडं बघून लावतात. इथं नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे वीट दोरीला टेकवणं. एका विटेनं दोरी केसभर बाहेर ढकलली की पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला लागते, आणि दहा फुटांत भिंतीला पोट येतं. वीट आणि दोरी यांच्यात बारीक फट दिसत राहिली पाहिजे. दुसरी चूक लांब भिंतीत होते: दोरी मधोमध झोळते आणि थरही तिच्याबरोबर झोळतो. मध्ये एक वीट नीट पातळीत बसवून दोरीला आधार द्यावा. ‘भिंत लायनीत नाही’ हे वाक्य गवंड्याच्या तोंडी दोषारोप असतो, आणि तो सुतात मोजला जातो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर.

‘सूत’ या शब्दाकडं इथं थोडं थांबून बघण्यासारखं आहे. धागा म्हणजे सूत, माप म्हणजे सूत, सरळ म्हणजे सुतात, आणि दोघांचं जमलं तर सूत जुळलं. दोरीपासून निघून मोजमाप, शिस्त आणि प्रेम इथपर्यंतचा जो प्रवास ‘लाईन’नं केला, तो आपल्या भाषेत ‘सूत’ आधीच करून बसला होता. सुतार हा शब्दही सूत्रधार या शब्दातून आला. माझ्या मते ‘लाईन’ आपल्या बोलीत इतक्या सहज रुजली याचं हे मोठं कारण आहे. जमीन तयार होती. बेळगावच्या शहापूर-वडगाव-खासबागेत मागांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या लोकांना धाग्यावरून अर्थ काढणं नवं नव्हतं.

किती रुजली हे प्रत्ययावरून कळतं. जिथं शब्द पुरता आपला झाला तिथं तो ‘लायनी-’ असा बदलतो: लायनीत उभा राहा, लायनीला लाव, लायनीवर ये. जिथं तो अजून पाहुणा आहे तिथं आहे तसाच राहतो: लाईनवर राहा, साहेब दुसऱ्या लाईनवर आहेत. आता ‘लाईनवर’ आणि ‘लायनीवर’ शेजारी ठेवा. ‘तो लाईनवर आहे’ म्हणजे फोनवर आहे, किंवा ड्रायव्हर असेल तर गाडी घेऊन बाहेरगावी गेलाय. ‘तो लायनीवर आला’ म्हणजे दारू सुटली, उधाऱ्या थांबल्या, वागणं सुधारलं. एका स्वराच्या फरकावर माणसाची अब्रू आहे. तसंच ‘लायनीत आहे’ आणि ‘त्या लायनीत आहे’. पहिलं रांगेत उभं असण्याबद्दल. दुसऱ्यात ‘त्या’ आलं की ती धंद्याची लाईन झाली: सोन्याच्या लायनीत, ट्रकच्या लायनीत, उद्यमबागेतल्या मशीनशॉपच्या लायनीत. ‘लाईन बदलली’ म्हणजे धंदा बदलला. आणि कुणी आवाज खाली करून ‘वाईट लायनीला लागला’ म्हणालं, तर पुढं विचारू नये.

‘लाईन आहे’ हे वेगळंच. ‘त्याची वरपर्यंत लाईन आहे’ म्हणजे ओळख आहे, शब्द टाकला तर काम होईल. इथं लाईन म्हणजे टेलिफोनची तार, मधल्या कुणाला न विचारता थेट पोचणारी. ‘लाईन लावून देतो’ म्हणणारा माणूस ऑफिसच्या बाहेर भेटला तर त्याचा दर आधी विचारावा, किंवा सरळ आत जाऊन खिडकीवरच अर्ज द्यावा. मी यातलं दुसरंच सांगेन.

प्रेमाच्या लाईनीचे नियम कडक आहेत, आणि बाहेरून आलेल्या माणसाची फजिती इथंच होते. लाईन मारणे एकतर्फी: मुलगा बघतो, त्या गल्लीतून गाडी घेऊन दोनदा जातो, बोलत काहीच नाही. लाईन देणे म्हणजे समोरून प्रतिसाद. आणि नुसतं ‘ती त्याची लाईन’ म्हणजे मित्रमंडळींनी परस्पर लावलेली पाटी. जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो. इंग्रजीतली ‘लाईन’ इथं दुसऱ्या वाटेनं जाते. तिथं ती बोलण्याची असते, ओळख काढण्यासाठी पाठ करून टाकलेलं एखादं वाक्य. आपली लाईन डोळ्यांची आहे. म्हणून ‘लाईन मारणे’ शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं तर ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही.

यात एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘ती लाईन देते’ हे वाक्य मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडा म्हणून वापरलं जातं. बोलणारा हसत बोलतो आणि विसरून जातो, पण गल्लीत ते वाक्य तिच्यामागं राहतं. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढं दोघांचं जमल्याचं सांगायचं असेल तर ‘सूत जुळलंय’ म्हणावं. त्यात दोघंही येतात आणि दोघांचा मान राहतो.

इंग्रजीतले बाकीचे चालू अर्थ आपल्याकडं आलेच नाहीत. तिकडं एखाद्याची ‘लाईन’ म्हणजे पटवण्यासाठी सांगितलेली थाप. ब्रिटनमध्ये ‘लाईन शूट करणे’ म्हणजे बढाया मारणे. शाळेत ‘लाईन्स’ म्हणजे शिक्षा म्हणून तेच वाक्य पन्नास-शंभर वेळा लिहिणे. आणि गंमत अशी की रांगेला अमेरिकेत लाईन म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘क्यू’. इंग्रज इतकी वर्षं आपल्याकडं राहिले, आणि रांगेसाठी आपल्या तोंडी बसलेला शब्द त्यांच्या नेहमीच्या वापरातला नाही.

जिथं आपला शब्द नेमका आहे तिथं ‘लाईन’ला शिरता आलं नाही, हेही तितकंच बघण्यासारखं. उसाची सरी असते, लाईन नसते. कुरीनं (पाभरीनं) पेरलेलं तास असतं. अक्षरांची ओळ असते. जेवायला पंगत बसते; पंगतीला लाईन म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्याच लग्नात बुफे असेल तर मात्र लगेच ‘लाईन लावा, लाईन लावा’ सुरू होतं. वाढणारा माणूस आपल्यापुढं येतो ती पंगत, आणि आपण ताट घेऊन वाढणाऱ्यापुढं जातो ती लाईन. हा भेद कुणी शिकवलेला नाही, तरी त्यात चूक होत नाही.

कन्नडमध्ये हा शब्द आपल्याच क्रियापदांबरोबर चालतो. ‘लाईन होडी’ म्हणजे लाईन मारणे, आणि ‘होडी’ म्हणजे मारणेच. त्यामुळं कॉलेजात मराठी आणि कन्नड पोरांना एकमेकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फरक पडतो तो रांगेत. बसस्टँडवर मराठी माणूस ओरडतो, ‘लायनीत या’. शेजारचा कन्नड माणूस म्हणतो, ‘पाळी हच्च्री’, पाळी लावा. आपल्या कानाला ती पाळी म्हणजे कुणाचा तरी नंबर, कारखान्यातली शिफ्ट. त्याच्या तोंडी ती सरळ रांग आहे. संस्कृतात ‘पालि’ म्हणजे ओळ, कड, रांग. खिडकीपुढं दोघं एकामागं एक उभे असतात, एकाच्या तोंडी जवसाच्या धाग्यावरून आलेला शब्द, दुसऱ्याच्या तोंडी ‘पालि’शी नातं सांगणारा, आणि तिकीट देणारा दोन्ही ऐकून एकच समजतो.